वकील आणि बत्तीस हजार रंग

शंभूराजनं ते मशीन तळहातावर असं धरलं व्हतं, जसं कुणी दोन दिसाचं कोकरू धरतंय. वरनं दुसऱ्या हाताची सावली. मी इचारलं, "बाळंतीण कुठाय?"

"दादासो, चेष्टा नको. जपानी माल हाय."

मी बारामतीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात दलाल. वीस वर्सं झाली, मेंढराच्या तोंडात बोट घालून दात मोजतोय आन् माणसाच्या तोंडाकडं बघून खोटं मोजतोय. त्या नव्याण्णव सालात मार्च सरत आलेला, ऊन नुसतं भाजतंय, आन् मेंढरांच्या बाजारात हा गडी इस्तरीचा शर्ट घालून जपानी माल घेऊन उभा. शंभूराजचं गावात टीव्ही-टेपचं दुकान. मेव्हणा मलेशियात. मेव्हण्यानं हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या धा मशिनी पाठवल्या व्हत्या आन् दोन महिन्यात एक बी खपली नव्हती. त्यातली ही पहिली. गिऱ्हाईक माझ्या शेजारी उभं व्हतं, बिरदेव.

बिरदेव लोणी देवकरच्या अलीकडच्या वस्तीवरचा. आज्याच्या वक्ताला तीनशे मेंढरं, बापाच्या वक्ताला चाळीस, आन् ह्याच्याकडं शेवटचा एक मेंढा. त्याचं नाव वकील. आधी निस्तं बघत ऱ्हायचा, काय बोलायचा न्हाय, आन् मग एकदम अंगावर जायचा, म्हणून वकील. बिरदेव लोणी देवकरातल्या एका कंपनीत रातचा वाचमन. पाठीमागच्या गेटवर एक पत्र्याची केबिन. आत बल्ब लावला की बाहेरचं दिसत न्हाय, म्हणून सायबानं बल्बच काढून नेलेला. हुशार माणूस. त्या अंधारात बिरदेव दोनदा झोपलेला घावला व्हता. तिसऱ्यांदा घावला की घरी, असं सायेब बोलला व्हता. गडी घाबरून गेलेला. झोप उडावी म्हणून चुना डोळ्याच्या कडंला लावून बघितला, तवा तीन दिस सुट्टी घ्यावी लागली.

आन् हे शंभूराजच्या कानावर गेलं. शंभूराज म्हनला, "हे मशीन हातात असलं की बोटं चालू, डोकं चालू, झोपंचा बाप यायचा न्हाय. तुझा मेंढा आण बाजारात, मशीन घिऊन जा."

"मेंढ्याचं काय करणार?" बिरदेवनं इचारलेलं.

"हौस. दुकानाम्होरं बांधणार. शोभा."

आता आमच्या बाजाराची एक रीत हाय. सौदा ठरला की मालकानं तळहातावर भंडारा घ्यायचा आन् चार माणसात जनावराच्या खोडी मोठ्यानं सांगायच्या. जी खोड सांगितली, ती घेणाऱ्याची. जी लपवली, ती मालकाच्या गळ्यात, जनावर माघारी. मुदत पुढच्या बाजाराचा, म्हंजी पुढच्या गुरुवारचा दिस मावळंस्तवर. पण घेणाऱ्यानं नुसतं येऊन बोंबललं तर चालत न्हाय, कारण तो काय बी बोंबलंल. खोड कबूल व्हायची ती मालकाच्याच तोंडानं, चार माणसात. एवढं सरळ हाय. कोर्टात असतं तर आमी सगळी सुधारलो असतो.

मी म्हनलो, "शंभूराजराव, मशीन असू नायतर म्हस. बाजारात आलं की भंडारा घ्यावा लागतोय."

"घेतो की! आमचा माल बिनखोडीचा." हातात भंडारा घेतला, छाती फुगवली. "ऐका. बत्तीस हजार रंग."

"मोजले?"

"खोक्यावर लिवलंय."

"मग खरंच असणार. खोकं कशाला खोटं बोलंल."

"त्यातले एका टायमाला छप्पन्न दिसत्यात."

"बाकीचे?"

"बाकीचे आत असत्यात."

"सुट्टीवर," मी म्हनलो. पोरं हसली. शंभूराज न्हाय हसला, त्याला आपल्या मालाचं कवतिक व्हतं.

"आठ बिटचा प्रोसेसर. जुन्या मशिनीच्या दुप्पट पळतोय."

"जुनी कुणी बघितली व्हती का हितं?"

"दोन बारक्या सेलवर धा तास. आवाजाला हे चाक. डावीकडं ही फुली, हिच्यावर अंगठा दाबला की चारी दिशेला जातंय. ही कॅसेट हितनं मागनं घालायची."

"मागनं घालायची," मी बाकीच्यांना समजावलं. "पुढनं चारा न्हाय घ्यायची ही."

"आन् हे बघा." त्यानं मशिनीच्या कपाळाला बोट लावलं. तितं एक काळी काच व्हती, मुगाच्या दाण्याएवढी. "हा डोळा. वायर न लावता दुसऱ्या मशिनीशी बोलतोय. दोन मशिनी समोरासमोर धरल्या की झालं."

"दुसरी मशीन कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं नऊ हायती."

"म्हंजी बिरदेवनं रातच्याला लोणीतनं बारामतीला यायचं, डोळ्याला डोळा लावायला."

पण माल दिसायला भारी, खोटं कशाला बोलू. जांभळं काचंगत प्लॅस्टिक, आतली आतडी सगळी दिसत्यात. वाटाण्याएवढी काळी काळी चिप, हिरवी पट्टी, बारक्या तारा. मी वीस वर्सं जनावराच्या पोटावर हात फिरवून आत काय हाय ते सांगतोय, आन् हे जनावर स्वतःच पोट उघडं टाकून बसलेलं. बिरदेव तर बघतच ऱ्हायला. उन्हात पडदा नुसता झगझगत व्हता. एक बारकं माकडासारखं काय तरी उड्या मारत व्हतं. बिरदेवनं फुलीवर अंगठा ठेवला, माकड खड्ड्यात पडलं, बिरदेव हरखला.

"खोड?" मी इचारलं.

"एक बी न्हाय."

"परत इचारतो. भंडारा हातात हाय."

"सांगितलं की, एक बी न्हाय! धाच्या धा मशिनी एका आईच्या."

मग बिरदेवनं भंडारा घेतला. गडी सरळ. म्हनला, "वकीलाच्या खोडी तीन. एक, रेडिओ लागला की लेंड्या टाकतो. दोन, पांढरी साडी दिसली की मागं लागतो. तीन, समोर कुणी मान खाली घातली की त्याला वाटतं टकरीला बोलावतोय. मग थांबत न्हाय. अंधार असू का उजेड."

"चालंल, चालंल," शंभूराज म्हनला. ऐकलं कुठं त्यानं. दोर हातात घेतला आन् वकीलला घिऊन गेला. वकीलानं एकदा वळून बघितलं. काय बोलला न्हाय.

शनिवारी सकाळी बिरदेव माझ्या दारात. डोळे लाल, एका गालाला फोड.

"दादासो, अंधारात दिसतच न्हाय त्यात काय."

"म्हंजी?"

"म्हंजी चालू व्हतंय, टिंग वाजतंय, माकड उड्या मारल्याचा आवाज येतोय. पण दिसत न्हाय. पडद्याला सवताचा उजेडच न्हाय. उन्हात धरा, दिव्याखाली धरा, मगच दिसतोय. काडी पेटवून बघितलं, बोट भाजलं. मग बॅटरी तोंडात धरली, तर ती गरम झाली, हा फोड बघा. लाळ मशिनीवर. तेवढ्यात सायेब आला. त्यानं बघितलं, वाचमन तोंडात बॅटरी धरून मान खाली घालून बसलाय. आला तसा माघारी गेला."

मी लई हसलो. मग बिरदेवच्या तोंडाकडं बघून थांबलो, आन् परत हसलो, कारण थांबता येईना. बत्तीस हजार रंग, एक डोळा, दुप्पट प्रोसेसर, सगळं घातलं त्या जपान्यांनी, आन् बल्ब ऱ्हायला. तिथंबी कंपनीच्या सायबासारखाच कुणी हुशार असणार.

"आईला कळलं का?"

"कळलं." आई म्हंजी आक्काबाई. "म्हनली, वकील घिऊन ये, न्हायतर ह्या डबड्याला माझ्याम्होरं बें करून दाखवाय लाव. म्हंजी दादासो, मी दाबून बघितलं. टिंग करतंय, बें करत न्हाय."

"चल दुकानात."

दुकानात गेलो तर वकील शटरच्या शेजारी बांधलेला, गळ्यात झेंडूची माळ. शटरला दोन खळगं पडलेलं. शंभूराजनं मशीन घेतलं, सरळ ट्यूबलाइटच्या खाली धरलं, चालू केलं. "हे काय, चालतंय की फस्क्लास! खोड कुठाय, दावा."

"अंधारात धर," मी म्हनलो.

"अंधारात कशापायी धरू? माझ्या दुकानात उजेड हाय. ज्याला अंधार पायजे त्यानं अंधाराची तक्रार अंधाराकडं करावी." दोन गिऱ्हाइकं हसली. त्याला आनखी जोर आला, मशीन बिरदेवच्या हातात परत कोंबलं. "आन् ती तुमची रीत मेंढराला. मी कबूल करतोय का खोड? न्हाय ना? मग रीतीनंच सांगतो, सौदा पक्का. बिरदेव, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी जेवायला ये. पोराचं जावळ हाय. दोनशे माणूस. मटण वकीलाचं."

बिरदेवचं तोंड कसं झालं ते मी सांगत न्हाय. तो म्हनला, "तुमी म्हनला व्हता शोभा."

"ताटात बी शोभाच असती," शंभूराज म्हनला.

तितनं बाहेर पडल्यावर मी खराच हसायचा थांबलो. बिरदेव वकीलापाशी गेला, त्याच्या कपाळावरनं हात फिरवला. आता सारा हिशोब एवढाच ऱ्हायला व्हता: गुरुवारचा दिस मावळायच्या आत शंभूराजच्या तोंडनं, चार माणसात, ती खोड वदवायची. न्हाय वदवली तर रविवारी वकील पातेल्यात. पटवून हे व्हणार नव्हतं. माणूस आपल्या मालाची खोड कधी कबूल करतोय? मला म्हाईत हाय, एकाच टायमाला. लई मोठं गिऱ्हाईक हातातनं निसटाय लागल्यावर.

सिकंदर माझा दोस्त. बोकडाचा व्यापारी, इंदापूरचा, दाढी मेंदीची, तोंड असं गंभीर की लग्नात बी लोक त्याचं सांत्वन करायला जात्यात. त्याला सगळं सांगितलं. त्यानं दाढीवरनं हात फिरवला आन् म्हनला, "दादू, घोंगडी जाड पायजे."

एवढ्यासाठी तो दोस्त.

सोमवारी सिकंदर शंभूराजच्या दुकानात. "भाच्याचं इंदापुरात दुकान निघतंय. ऐकलंय तुझ्याकडं जपानी मशिनी हायत. नऊच्या नऊ घीन. पण मी बाजारचा माणूस, सौदा बाजारातच करीन, गुरुवारी. दादासो दलाल. आन् यिताना तो मेंढा घिऊन ये. मेंढा बांधून सौदा करणारा माणूस वजनदार वाटतोय."

शंभूराजनं त्याला लस्सी पाजली. सिकंदर दोन प्याला.

गुरुवारी दुपारी बारा. ऊन असं की मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून उभी. शंभूराज नऊ खोकी घिऊन हजर, वकील दोरीला, माळ नवी. बिरदेव लांब, आईच्या शेजारी. आक्काबाई आपली काळी घोंगडी खांद्यावर टाकून आली व्हती. तिला मी फक्त घोंगडी मागितली व्हती, पण घोंगडीबरोबर तीबी आली.

सिकंदरनं नऊ खोक्यांकडं बघितलं. "सगळ्या एकसारख्या? का एखादी लंगडी हाय?"

"एका आईच्या, सिकंदरभाई! दिली ती बी, हायत त्या बी. धाच्या धा. जी एकीत हाय ती सगळ्यात हाय." हे तो मोठ्यानं म्हनला. मी आजूबाजूच्या गड्यांकडं बघून मान हलवली. ऐकलं सगळ्यांनी.

"बरं. मग माल बघू. पण हितं न्हाय." सिकंदर आवाज बारीक करून म्हनला, म्हंजी पंचवीस माणसाला ऐकू जाईल असा बारीक. "आमच्यात बोली रुमालाखाली व्हती, तुला म्हाईत हाय. दर सांगणारी बोटं कुणाला दिसाय नको. हा तर नवा माल. इंदापुरातलं बाकीचं दुकानदार हितंच फिरत असत्यात. मी माल बी झाकूनच बघतो."

मी आक्काबाईची घोंगडी पसरली. त्या घोंगडीतनं ऊन तर सोडाच, पाऊस बी जात न्हाय. सिकंदर आत बसला. शंभूराजनं एकदा इस्तरीच्या शर्टाकडं बघितलं, एकदा नऊ खोक्यांकडं, आन् घुसला. मी चारी कडा नीट दाबून घेतल्या. आईनं लेकराला निजवताना दाबाव्या तशा.

बाहेर गर्दी वाढली. सत्तर-ऐंशी माणूस. आतनं टिंग वाजलं.

"हं," सिकंदरचा आवाज. "दाव."

"हे काय, चालू हाय."

"कुठं?"

"हे काय, हातात."

"हातात हाय ते कळलं. बत्तीस हजार रंग म्हनला व्हतास. मला एक दिसंना."

"जरा… डोळ्याजवळ धरा."

"नाकाला लागलं. काळं हाय. काळा तो एक रंग धरला, बाकीचे एकतीस हजार नऊशे नव्याण्णव दाव."

घोंगडीत हालचाल. एक कोपरा उचलला गेला, मी पायानं परत दाबला.

"सिकंदरभाई, जरा बाहेर घिऊ."

"बाहेर का? माल चोरीचा हाय?"

"छ्या छ्या! माल येक नंबर!"

"मग हितं का चालंना? बंद पडलाय. बंद माल आणलास मला फसवाय? ऊठ, मी जातो. नऊच्या नऊ ठिव तुझ्याकडं."

"अवो बंद न्हाय! ऐका की!"

"मग काय हाय?"

आत गडी घामानं भिजत व्हता, बाहेर मी खुशीनं. वकील बी घोंगडीकडं बघत व्हता.

"जातो मी," सिकंदर म्हनला, आन् घोंगडीचा डोंगर उठल्यासारखा हलला.

"अवो थांबा!" शंभूराज असा वराडला की पलीकडच्या म्हशी वळल्या. "माल चांगला हाय! फकस्त अंधारात दिसत न्हाय त्यात! पडद्याला उजेड न्हाय आतनं, बाहेरनं लागतोय! सगळ्याच मशिनींचं तसंच हाय!"

मी घोंगडी ओढली.

शंभूराज बाहेर आला, केस चिकाटलेले, शर्टाची इस्तरी गेलेली, डोळ्याला ऊन लागून मिचमिचतोय. समोर ऐंशी माणूस. मी इचारलं, "काय म्हनला शंभूराजराव? शेवटचं नीट ऐकू आलं न्हाय, आक्काबाईसाठी परत सांगा."

"ऐकलं मी," आक्काबाई म्हनली. "मी काय भैरी हाय?"

"खोड कबूल," मी म्हनलो. "मालकाच्या तोंडानं. चार माणसात, म्हंजी शंभराला इस कमी. दिस अजून डोक्यावर. बिरदेव, मशीन दे त्याची, दोर घे तुझा."

शंभूराजला आता कळलं. तो सिकंदरकडं वळला. सिकंदर दाढी झाडत व्हता, तोंड मयताला आल्यासारखं. "ही फसवणूक हाय!" शंभूराज म्हनला. "ही काय खोड न्हाय! मशीन चालती! हे बघा, उन्हात बघा कशी चालती!" आन् त्यानं बिरदेवनं दिलेली मशीन दोनी हातात धरली, चालू केली, आन् पडदा नीट दिसावा म्हणून मान खाली घातली.

वकीलाच्या समोर.

बिरदेव म्हनला, "अवो मान—" पण वकील तवर दोन पावलं मागं सरला व्हता, आन् वकील मागं सरला म्हंजी युक्तिवाद संपला. शंभूराज खोक्यांवर गेला. मशीन वर उडाली, ऊन लागून आतडी चमकली, आन् खाली मातीत पडली. पडल्यावर बी टिंग टिंग चालूच. माकड उड्या मारत व्हतं.

शंभूराज कमरंला धरून उठला. "हे… ह्याचं काय? ह्याचा न्याव करा!"

"ती खोड सांगितली व्हती," मी म्हनलो. "तिसरी. अंधार असू का उजेड."

आक्काबाईनं मातीतली मशीन उचलली, पदरानं पुसली, आन् शंभूराजच्या हातात दिली. म्हनली, "टणक हाय पर. एवढ्या उंचावनं पडून फुटलं न्हाय. हे नव्हतं सांगितलंस तू."

जावळाला शंभूराजनं बोकड आणला. इंदापूरचा. सिकंदरकडनंच घ्यावा लागला, दुसऱ्या कुणाकडं नव्हता. सिकंदर म्हनतो दर वाजवी लावला. असंल. मी दलाल व्हतो त्यात, मी काय बोलत न्हाय.

बिरदेवची नोकरी? ती अजून हाय. मी मधी एकदा लोणीला गेलो व्हतो, सांजचा त्याच्या केबिनीत च्या प्यायलो. पत्र्याच्या भिंतीला खुंटी ठोकलेली, खुंटीला वकील, बरोबर खुर्चीच्या समोर. दोरी मोजून बांधलेली. एवढी की कपाळ तर लागंल, पण माणूस मरायचा न्हाय.

"झोप येती का रं?" मी इचारलं.

"येती की. डोळं मिटलं की मान खाली जाती." त्यानं कपाळावरचं टेंगूळ दावलं. तिथं जुन्यावर नवं, नव्यावर ताजं. "मग झोप जाती."

"सायेब काय म्हनतो?"

"सायेब इचारत व्हता ह्याला सेल किती लागत्यात."